मोडायला ठेवलेला बोल्ट

व्होरू गावच्या सुट्या भागांच्या दुकानात लागून
मला तेव्हा अकराच दिवस झाले होते.
ऑक्टोबर. दारात बुटांचा चिखल,
काउंटरवर आर्वोने मांडलेले तीन शाफ्ट
शेजारी शेजारी, बाजारात मासे मांडतात तसे.

हेल्यू पेडाक आली.
हातमोजे काढले नाहीत. किंमत विचारली नाही.
आधी ग्रीसचं टोक शोधलं
मोज्यातल्या जाड बोटाने, डोळे मिटून.
"वजा वीसमध्ये, अंधारात, हे मला सापडायला हवं,"
म्हणाली,
आणि पहिला शाफ्ट कोपराने बाजूला सरकवला.

मी कॅटलॉग पाठ केला होता.
मिनिटाला हजार फेऱ्या, म्हणालो, एकवीस खाचा,
अश्वशक्ती एकशेवीसपर्यंत बिनधास्त.
"ताकद ट्रॅक्टरची असते, पोरा.
हा नुसता निरोप्या.
वळणावर निरोप अडखळतो का, तेवढं सांग."
ते मला कुठे ठाऊक होतं?
तिनेच सांधा वाकवला, फिरवला सावकाश,
कान खाली नेऊन,
म्हाताऱ्या कुत्र्याचा पाय तपासावा तसा.

गेल्या फेब्रुवारीत तिच्या दिराने
जुना शाफ्ट अंदाजाने कापला होता.
नळीत नळी जेमतेम चार बोटं उरली.
बर्फ फेकणाऱ्या यंत्राने गोठलेलं ढेकूळ गिळलं
आणि पोलाद सुटलं ते
गोठ्याची फळ्यांची भिंत फोडून
दोन गाईंच्या मधून गेलं.
"मधून," ती पुन्हा म्हणाली,
आणि दोन तळहात समोरासमोर उभे धरले.
आर्वो नि मी
त्या तळहातांमधल्या हवेकडे बघत राहिलो.
भोक तिने बुजवलं नाही. काच बसवली.

सगळ्यात जाडजूड शाफ्ट आर्वोने थोपटला.
"हा तुझ्या नातवंडांना पुरेल, हेल्यू."
"आणि गिअरबॉक्स? ती कुणाला पुरेल?"

तिने मधला घेतला,
ज्याच्या मानेत एक बोल्ट असतो,
ओझं हाताबाहेर गेलं की आधी तोच मोडतो.
वर असे दहा बोल्ट, कागदात गुंडाळून.
मी हळूच सुचवलं,
कडक पोलादाचा घाला ना, तुटायचाच नाही.
आर्वो एकदम पावती लिहू लागला.
ती रागावली नाही. नाक पुसलं.
"तो तुटावा म्हणूनच पैसे देतेय मी.
कपभर कॉफीहून स्वस्त.
घरात कुणीतरी असं असावं लागतं."
कुणाबद्दल बोलली, मी विचारलं नाही.

जुलैत बोल्ट पोचवायला तिच्या शेतावर गेलो.
रात्रीचे साडेदहा,
उजेड जायचं नाव घेत नव्हता.
गवताचे गठ्ठे बांधणारं यंत्र धडधडत होतं.
शाफ्टवरचं पिवळं आवरण
साखळीने बांधलेलं, जागच्या जागी.
आत पोलाद मिनिटाला हजारदा फिरतंय
आणि वर, आवरणावर, एक टोळ
मिशा नीट करत बसलेला.

पश्चिमेला ढग. अर्धं शेत बाकी.
तरी तिने इंजिन बंद केलं,
चावी खिशात टाकली,
सगळं थांबेपर्यंत हात मागे बांधून उभी राहिली.
मग ग्रीसगन. "आठ तास झाले," एवढंच.
टोळ उडाला.

गोठ्यात त्या काचेतून
उजेडाचा एक तुकडा गव्हाणीवर पडला होता.
एक गाय त्यावर जीभ फिरवत होती.

मी बोल्ट दिले. दहा मागितले होते,
मी माझ्याकडून एक जास्त घातला होता.
तिने मोजले
आणि अकरावा परत केला.